उत्तमरावांसाठी बेकन

माझा नवरा सतीश जहाजावर शेफ आहे, हे आमच्या रिठद गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तो शेफ नाही, हे फक्त मला माहीत होतं. तो जहाजाच्या पोटात उभा राहून भांडी धुतो. वर चार हजार माणसं जेवतात आणि त्यांची पातेली, तवे, दाराएवढाले ट्रे खाली याच्यापुढे येऊन पडतात. मला त्या कामाची लाज नाही. त्याच भांड्यांवर आमच्या घराला पक्की गच्ची चढली आणि मला रिसोडला झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान टाकता आलं. राग येतो तो त्याच्या थापेचा. थाप मारायची तर माणसानं निभावता येईल एवढीच मारावी.

झालं असं, की दोन वर्षांपूर्वी व्हिडिओ कॉलवर मामाजींनी त्याला विचारलं, "आज काय बनवलं?" मामाजी म्हणजे माझे सासरे, शेषराव. हा तेव्हा घासायला आलेल्या एका ट्रेसमोर उभा होता. ट्रेवर चिठ्ठी चिकटलेली होती, ती यानं वाचून दाखवली.

"चॉकलेट बेकन, बाबा."

"ते काय असते?"

"डुकराच्या मटनाच्या पातळ पट्ट्या. चॉकलेटात बुडवतात."

"तूच करतं काय?"

सतीशनं मान हलवली. उभी की आडवी, हे तो आजही नीट सांगत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बातमी पानटपरीवर पोचली, की शेषराव गुरुजींच्या पोराच्या हातचं चॉकलेट बेकन खाल्ल्याशिवाय गोरे लोक जहाजातून उतरत नाहीत.

मामाजी केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झाले. शाळा सुटली, तपासणी सुटली नाही. घरात गॅसची टाकी बदलायची तरी ते कागदावर नियोजन लिहितात. तर त्यांनी ही बातमी सगळ्यात आधी ज्यांना सांगितली ते उत्तमराव. आणि इथं उत्तमरावांबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं.

उत्तमराव बागायतदार. वांगी, मेथी, आणि आमच्याकडे सांभार म्हणतात ती कोथिंबीर. पहाटे माल रिसोडच्या बाजारात पोचवला, की ते थेट आमच्या ओट्यावर येतात. मामाजी आणि ते एकच पेपर दोघांत वाचतात आणि त्यावर भांडतात. मामाजींचं ऑपरेशन झालं तेव्हा हे आठ दिवस दवाखान्याच्या फरशीवर झोपले होते. असा मित्र शोधून सापडायचा नाही. पण तीस वर्षांत उत्तमरावांनी आमच्या घरी पाण्याचा घोटही घेतलेला नाही. ते नाही म्हणत नाहीत. पाणी विचारलं की "आताच पिऊन आलो," चहा विचारला की "आताच घेऊन आलो," आणि बाकी कशालाही "आताच जेवून आलो." एकदा सकाळी सहाला कडुलिंबाची काडी दातात धरून आले होते, तेव्हाही ते आताच जेवून आले होते.

माझ्या सासूबाई, भागिरथाबाई, यांना मी आत्याबाई म्हणते. त्यांनी तिसऱ्या कपाचं पाणी ठेवणं केव्हाच बंद केलं. मामाजी मात्र रोज विचारतात. नवी नवी आले तेव्हा मला वाटलं, रीत म्हणून विचारत असतील. मग एकदा विचारून झाल्यावर त्यांचा चेहरा पाहिला. मला त्या दिवशी उत्तमरावांचा जो राग आला तो बरीच वर्षं गेला नाही.

या मे महिन्यात सतीश सुट्टीवर आला आणि चौथ्या दिवशी ओट्यावर उत्तमराव म्हणाले, "गुरुजी, आमच्या पवनले जहाजावर जाचं हाय." पवन त्यांचा मुलगा, अकोल्याला हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला. "पोरगा तठी गेला त डुक्कर शिजवा लागन. शिजवा लागन त चाखाबी लागन. म्या म्हटलं, बापानं अगुदर चाखून पाहावं. सतीशले सांगा, रविवारी सहाले आमी दोघं येतो खायले."

मामाजींनी पेपरची घडी करून खाली ठेवली.

"डुक्कर चालते तुमाले?" त्यांनी विचारलं.

"गावातलं नाई चालत. हे विलायती हाय. ते काय नालीत लोळते?"

मामाजी आत आले. "भागिरथा," ते म्हणाले, "उत्तमराव खायले येऊन राह्यले."

"येतीन," आत्याबाई म्हणाल्या. "आन् आताच जेवून आलो म्हनतीन."

"नाई. सोताच्या तोंडानं म्हनले."

हे वाक्य त्यांनी त्या दिवसात तीनदा सांगितलं. संध्याकाळी सतीशनं मला मागच्या न्हाणीपाशी गाठलं.

"रूपा, मले नाई येत ते."

"मोबाइलवर पाह्य ना."

"पाह्यलं. त्यायच्याकडं ओव्हन हाय."

"मंग बाबाले सांगून टाक."

"आता? पाह्य त्यायच्याकडं."

मी पाहिलं. मामाजी ओट्यावरच्या खुर्च्या स्वतः साबण लावून धूत होते. पुन्हा सांगून टाक म्हणायची माझीही छाती झाली नाही.

बेकन नागपूरहून मागवलं. ट्रॅव्हल्सनं वाशिमला थर्माकोलच्या डब्यात आलं. मामाजींनी ते एसटीत मांडीवर घेऊन आणलं आणि कंडक्टरनं काय आहे विचारलं तर गंभीर चेहऱ्यानं "लस" म्हणाले. डबा फ्रीजमध्ये गेला आणि फ्रीजच्या दारावर नियोजन चिकटलं. रविवारी सकाळी सातच्या गाडीनं पितापुत्रांनी चॉकलेट आणायला वाशिमला जायचं. मी दुपारी दुकान बंद करून यायचं. तीनला कृतीस प्रारंभ. सहाला पाहुण्यांचं आगमन. आत्याबाईंच्या नावापुढे "सहकार्य" एवढंच होतं.

नियोजनात डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळण्याचा रकाना नव्हता. सव्वाआठला डीपी जळाली आणि अख्ख्या गावची लाइट गेली. मला दुकानात सतीशचा फोन आला. "मायचा फोन आल्ता, लाइट नाई. येतानी बर्फ आन, नाईतर सगळं सडते." मी मोहनसिंगच्या गोळ्याच्या गाडीवरून बर्फाची अर्धी लादी घेतली, पोत्यात गुंडाळली आणि ऑटोनं घरी आले. एक वाजला होता. फ्रीज उघडला तर आत थर्माकोल होता, बेकन नव्हतं.

"आत्याबाई, फ्रीजमधलं कुठं गेलं?" मी जिन्यातून हाक मारली.

"ते मटन? वास सोडन म्हनून वर टाकलं," गच्चीवरून उत्तर आलं.

वर जुन्या लुगड्यावर कुरडया वाळत होत्या, बाजूला मुगवड्या, आणि त्यांच्या वर, पाण्याच्या टाकीपासून डिशच्या खांबापर्यंत बांधलेल्या दोरीवर, नागपूरचं बेकन. एकेक पट्टी सुटी, हळद-तिखट चोळलेली, वरून मच्छरदाणीचा तुकडा. आत्याबाई हातात काडी घेऊन कावळे हाकत बसल्या होत्या.

"हे काय केलं?"

"चान्या केल्या," त्या म्हणाल्या.

चान्या म्हणजे मांसाच्या लांब पट्ट्या कापायच्या, हळद-मीठ लावून उन्हात कडक वाळवायच्या आणि घरात काही नसलं की निखाऱ्यावर भाजून खायच्या. फ्रीज नव्हते आणि मटण रोजचं नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. मी ती फक्त ऐकली होती. आत्याबाईंच्या हातांना ती पाठ होती.

"पाकीट फोडलं त पट्ट्या कापूनच आल्या होत्या," त्या सांगू लागल्या. "मीठबी लावेल होतं. म्या म्हटलं, त्या नागपूरवाल्यायले हे कोनं शिकोलं?"

मी बर्फाची लादी जिन्याच्या सावलीत ठेवली आणि तिच्यावर आणखी एक पोतं टाकलं. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आमची गच्ची वाशिम रस्त्यावरून दिसते. तीन वाजता मामाजी गाडीतून उतरले तेव्हा त्यांना ती दोरी दिसली. एरवी उंबऱ्यावर चपला जुळवून ठेवणारा माणूस, चपलांसकट दोन दोन पायऱ्या चढत वर आला. मागून सतीश, हातात पिशवी.

"काढ ते खाली."

"वाळू द्या अजून," आत्याबाई म्हणाल्या.

"रस्त्यावरून दिसून राह्यलं, भागिरथा."

"कुरड्याबी दिसून राह्यल्या."

"कुरड्याईची गोष्ट येगळी हाय."

ती का वेगळी, हे मला ठाऊक होतं. आत्याबाईंनीच एकदा सांगितलं होतं. मामाजींची पहिली नेमणूक किन्हीराजा या गावी झाली, तिथं त्यांनी एक खोली भाड्यानं घेतली. नव्या नवरीनं माहेरहून आणलेल्या ओलसर चान्या मागच्या तारेवर टाकल्या. घरमालकानं त्या पाहिल्या. मामाजी वर्गात पाढे घेत होते, तेवढ्यात एका मुलानं येऊन सांगितलं, "गुरुजी, तुमचं सामान रस्त्यावर हाय." त्या दिवसापासून आमच्या घरात चान्या तर नाहीतच, तो शब्दही नाही.

आत्याबाईंनी काडी खाली ठेवली. "नागपूरहून बर्फात घालून, एसटीत मांडीवर बसवून तुमीच आनल्या," त्या म्हणाल्या. "तवा लाज नाई वाटली. पाकिटावर इंग्रजी होतं म्हनून काय?"

चौतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसानं चपला काढून बाजूला जुळवून ठेवल्या. ते टाकीच्या सावलीत बसले. थोड्या वेळानं त्यांनी विषय तज्ज्ञाकडे सोपवला. "सतीश, तू सांग. आता कसं करावं?"

सतीशनं एक पट्टी दोरीवरून काढली, उलटीपालटी केली. "आता चॉकलेट वितळवाचं आन् बुडवाच्या."

"कच्च्याच?" आत्याबाईंनी विचारलं.

सतीशनं पट्टी पुन्हा उलटी केली.

"आधी भाजत नाई काय रे?"

"भाजत असतीन."

"असतीन?"

त्या एका शब्दावर माझ्या नवऱ्याची दोन वर्षांची कारकीर्द संपली. "माय," तो आईला म्हणाला, पण बघत टाकीकडे होता, "मी तठी भांडे धुतो."

कुरडईच्या लुगड्यावर एक कावळा येऊन बसला, त्याला कुणी हाकललं नाही. मला वाटलं, आता मामाजी उठून खाली जातील आणि आठ दिवस कुणाशी बोलणार नाहीत. पण माणसाची सवय शेवटी आधाराला येते.

"रोज किती?" त्यांनी विचारलं.

"काय किती, बाबा?"

"भांडे."

"हजारेक ट्रे असतीन."

"तपासनी होते?"

"होते ना. आजवर एकबी ट्रे परत नाई आला."

मामाजींनी मान डोलावली. शाळेच्या शेरेबुकात त्यांनी असंच "समाधानकारक" लिहिलं असणार. आत्याबाईंना मात्र ते समाधान झेपलं नाही. "घरी यानं जलमात एक वाटी इसळली नाई," त्या म्हणाल्या.

"ते मंग पाहू," मामाजी उठले. "उत्तमराव सहाले येऊन राह्यले. खाल्ले पाह्यजेत ते."

एवढंच होतं त्यांच्या डोक्यात. मुलगा शेफ नाही याचं दुःख सोमवारी करता आलं असतं. उत्तमराव पुन्हा कधी स्वतःच्या तोंडानं खायला येतो म्हणतील याची खात्री नव्हती.

मग आत्याबाईंनी पदर खोचला. मागच्या अंगणात चूल पेटवली, लाकडं जळून निखारे झाले तशा चान्या त्यांवर एकेक करून टाकल्या. चरबी टपटप पडू लागली, आणि त्या वासानं गल्लीतली सगळी कुत्री आमच्या कुंपणाशी शिस्तीत रांग लावून बसली. इकडं सतीशनं चॉकलेटच्या चाळीस वड्या पिशवीतून काढल्या. वाशिमहून येईपर्यंत उन्हानं त्या वितळून कागदाला चिकटल्या होत्या. त्या खरवडून पातेल्यात घातल्या, गरम पाण्यावर ठेवल्या आणि घट्ट वाटतं म्हणून यानं आत पेलाभर पाणी ओतलं. दोन मिनिटांत त्याचा गारा झाला. भिंत लिंपता आली असती.

"सरक," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी त्यात दोन मोठे चमचे तूप घातलं आणि बिघडलेला लाडवाचा पाक सुधारतात तसं घोटत राहिल्या. सैल झालं. चान्या बुडवल्या. आता ते गोठणार कसं? बाहेर चव्वेचाळीस डिग्री आणि फ्रीज बंद. मग मी माझी लादी आणली, फोडून परातीत पसरली, वर ताटं ठेवली. त्या दिवशी नियोजनाप्रमाणे वागलेली मी एकटीच होते आणि हे मी दोनदा बोलून दाखवलं.

आत्याबाईंनी पहिला तुकडा माझ्या तोंडात घातला. आधी गोड लागलं, मग खारट, मग निखाऱ्याचा धूर, आणि मी आता काय वाटतंय ते ठरवते तोवर मागून तिखट आलं. मी दुसरा मागितला.

बरोबर सहाला उत्तमराव आले. धुतलेला पांढरा सदरा, मागे पवन, त्याच्या हातात लिहून घ्यायला वही.

"रामराम, गुरुजी."

"जय भीम, उत्तमराव. बसा."

धुतलेल्या खुर्च्यांवर सगळे बसले. सतीशनं ताट समोर धरलं. मामाजींनी हात मांडीखाली दाबून धरले होते. उत्तमरावांनी एक पट्टी उचलली, वास घेतला, रस्त्याकडे पाहिलं आणि चावली. कुर्र आवाज झाला. ते चावत राहिले. गिळलं. मग दुसरी घेतली. मग तिसरी. पवनच्या दोन झाल्या आणि त्यानं वही खिशात घातली.

मामाजींकडे पाहून माझे डोळे भरून आले. तीस वर्षांचा मित्र समोर बसून आपल्या घरचं खात होता. इतकी साधी गोष्ट, आणि तिच्यासाठी केवढा खटाटोप.

"झन्नाट हाय गुरुजी," उत्तमराव म्हणाले. "गोरे लोक एवढं तिखट खातात काय?" त्यांनी चौथी उचलली. "याचं नाव सांगा बरं पुन्हा. घरी पवनच्या मायले सांगा लागन, काय खाल्लं ते."

चॉकलेट बेकन. दोन शब्द म्हणायचे होते. मामाजींना ते दोन वर्षांपासून पाठ होते. ते म्हणाले असते तर सगळं छान पार पडलं असतं. त्यांनी वर पाहिलं. गच्चीच्या कठड्यामागे ती दोरी अजून दिसत होती.

"चान्या," मामाजी म्हणाले.

"काय?"

"चान्या म्हनतात याले आमच्यात. माही माय करे, तिची माय करे. आज भागिरथानं केल्या. सतीशले काई येत नाई, तो तठी भांडे धुते." शेवटचं वाक्य गिळलं असतं तरी चाललं असतं, असं सतीशच्या तोंडावर लिहिलेलं होतं. "डुक्कर विलायती हाय, तेवढं खरं. पन चान्या आमच्या हायेत."

उत्तमरावांचा हात ताट आणि तोंड यांच्यामध्ये थांबला. त्यांच्या वयाच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कुणाच्या घराच्या तारेवर त्या वाळत असत आणि ते पाहून लोक कोणत्या बाजूनं जात, हेही नाही. चॉकलेट वितळून त्यांच्या मनगटाकडे उतरू लागलं. मामाजी त्यांच्याकडे पाहत नव्हते. ते ताटाकडे पाहत होते.

आत्याबाई दारात उभ्या होत्या. "काहून थांबले, भाऊ?" त्या अगदी सहज म्हणाल्या. "आताच जेवून आले काय?"

उत्तमरावांचे कान लाल झाले. त्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं, मामाजींकडे पाहिलं. मग हातातली चानी तोंडात घातली, चावली, आणि घास पूर्ण गिळल्यावरच बोलले.

"नाई, वहिनी. सकाळपासून उपाशी हावो."

आत्याबाई आत गेल्या आणि त्यांनी भाकरीचं पीठ काढलं. मामाजी स्वतः उठले, माठातलं पाणी गडव्यात भरून घेऊन आले, आणि उत्तमरावांचं पिऊन होईपर्यंत तिथेच उभे राहिले.